फुसका बार : कमी ताकदीच्या काडतुसाचा इतिहास



दिवाळीत फटाका पेटवला आणि नुसता फुस्स करून विझला, की पोरं ओरडतात, ‘फुसका बार!’ एखादा पुढारी सभेत गर्जना करून गेला आणि पुढं काहीच झालं नाही, तरी आपण तेच म्हणतो. म्हणजे आपल्या बोलण्यात फुसका बार ही हसण्यावारी न्यायची गोष्ट आहे. बंदुकीच्या जगात मात्र फुसक्या बाराला कुणी हसत नाही. तिथं आवाज नेहमीपेक्षा बारीक आला, की जाणता माणूस जागच्या जागी थांबतो, बंदूक रिकामी करतो आणि आधी नळीतून आरपार उजेड दिसतो का ते बघतो. असं का, हे आज आपल्याला समजून घ्यायचं आहे.

विषय आहे कमी ताकदीचं काडतूस. रायफल तीच, पण काडतुसात दारूचा जोर मुद्दाम कमी केलेला. पहिल्यांदा ऐकलं तर वाटतं, यात धोका तो काय? दारू कमी म्हणजे धोका कमी. हा समज चुकीचा आहे, आणि त्यापायी लोकांनी हात गमावले, डोळे गमावले. दुसरी गोष्ट अशी, की ही ताकद कमी करायला नेहमी नेमबाजाची काळजीच कारणीभूत होती असंही नाही. आपल्या देशात ती बऱ्याचदा राज्यकर्त्याच्या काळजीपोटी कमी झाली. तेव्हा आज दोन प्रश्न बरोबर घेऊन चालू. माप कसं कमी केलं? आणि कुणाच्या सुरक्षिततेसाठी कमी केलं?

ठासणीचा काळ

सुरुवात ठासणीच्या बंदुकीपासून करू. आपल्या पाटण खोऱ्यात, कोकणात उतरताना, शेतराखणीची ठासणीची बंदूक जुन्या लोकांनी पाहिलेली आहे. नळीच्या तोंडातून दारू ओतायची, वर गुठळी, मग गोळी किंवा छर्रे, आणि गजानं ठासायचं. इथं काडतूस नाहीच. प्रत्येक बार हा हातानं भरलेला बार. म्हणजे ‘स्वतः काडतूस भरणं’ हा आज परदेशातला छंद असला, तरी त्याचं मूळ रूप आपल्या डोंगरात पूर्वापार होतं.

काळ्या दारूचा एक गुण आहे. ती थोडी घ्या, जास्त घ्या, पेटते सारख्याच खात्रीनं. म्हणून मापात थोडं कमी टाकलं तर जोर तेवढा कमी होतो. हिशेब सरळ. पण एक अट आहे. दारू आणि गोळी यांच्यात पोकळी राहता कामा नये. गोळी अर्ध्यावर अडकली आणि खाली दारू मोकळी राहिली, तर नळी त्या जागी फुगते नाहीतर फाटते. म्हणून जाणते लोक गजावर खूण करून ठेवत. रिकाम्या नळीत गज कुठवर जातो ती एक खूण, बार भरल्यावर कुठवर जातो ती दुसरी. खूण जुळली नाही तर चाप ओढायचा नाही. दोन खुणांचा हा गज म्हणजे काडतूस भरण्याच्या सुरक्षिततेतला पहिला धडा समजा. डोळ्यांना आत दिसत नाही, तर बाहेरून मोजायची सोय करा.

दारूची शिस्त आपल्याकडे जुनीच. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात, म्हणजे अठराव्या शतकाच्या सुरुवातीच्या काळात, गडावरच्या दारूखान्याविषयी सविस्तर सूचना आहेत. दारूखाना राहत्या घरांपासून दूर असावा, त्याला पक्कं बांधकाम असावं, जवळ विस्तव येऊ देऊ नये, ठरावीक दिवसांनी हवालदारानं स्वतः उभं राहून दारू बाहेर काढावी, ऊन द्यावं आणि पुन्हा मोहर करून ठेवावी. बघा, यात शौर्याचा एक शब्द नाही. ओल, विस्तव, अंतर आणि जबाबदार माणूस, एवढंच. इथल्या वसंतगडावर, सदाशिवगडावर चढताना तटबंदीबरोबर ही शिस्तही आठवावी. ओली दारू म्हणजे ऐन वेळी फुसका बार, आणि गडावर फुसक्या बाराची किंमत फार मोठी.

सत्तावन्न, आणि नळीतून खरवडलेला भरवसा

आता काडतुसाकडे येऊ. हा शब्द पोर्तुगीज ‘कार्तुशो’वरून आपल्याकडे आला. सुरुवातीचं काडतूस कागदाचं. आत मोजून ठेवलेली दारू आणि गोळी. शिपायानं कागद दातानं फाडायचा, दारू नळीत ओतायची, गोळी ठासायची. माप आता शिपायाच्या हातात राहिलं नाही. ते कारखान्यात गेलं. यात सोय होती, सुरक्षितताही होती. पण त्याचबरोबर आत काय आहे हे शिपायानं न विचारता मान्य करायचं, हाही त्याचाच भाग झाला.

१८५३ च्या नमुन्याची एन्फिल्ड रायफल आली, तिचं काडतूस वंगण लावलेलं होतं. पुढचं सगळ्यांना ठाऊक आहे. १८५७ च्या जानेवारीत डमडमला कुजबुज सुरू झाली, वंगण गाईचं की डुकराचं. पुढं सरकारनं दातानं न फाडता हातानं फाडायची कवायत काढली, तरी विश्वास परत आला नाही. काडतुसाचा हा पहिला मोठा धडा रसायनशास्त्रातला नव्हताच. आत काय भरलंय हे सांगणाऱ्यावर विश्वास नसेल, तर काडतूस निरुपयोगी.

आपल्या भागात काय झालं? ३१ जुलै १८५७ च्या रात्री कोल्हापुरात सत्ताविसाव्या पलटणीचे शिपाई उठले. साताऱ्यात रंगो बापूजींच्या कटाचा सुगावा लागला आणि सप्टेंबरात गेंडामाळावर सतरा जणांना मृत्युदंड दिला गेला. कुणी फासावर, कुणी गोळीनं, कुणी तोफेच्या तोंडी. मग आला निःशस्त्रीकरणाचा हुकूम, हत्यारं सरकारजमा करण्याचा. सांगली, मिरज, मुधोळ असा जो दक्षिण मराठा मुलूख म्हणत, तिथं तो फार झोंबला. मुधोळ संस्थानातल्या हलगलीच्या बेडरांनी हत्यारं द्यायला नकार दिला, तर गावावर फौज आली आणि नंतर फाशी झाल्या. नरगुंदच्या भास्करराव भाव्यांच्या १८५८ च्या उठावामागच्या रागातही हत्यारांचा प्रश्न होता.

पण सगळ्यांचीच हत्यारं काढून घेता येत नव्हती. फौज तर हवीच होती. मग इंग्रजांनी काय केलं, ते आपल्या विषयाचं मर्म आहे. एन्फिल्ड रायफलीच्या नळीत पीळ असतो, त्यामुळे गोळी फिरत जाते आणि लांबवर नेम बसतो. त्या रायफलीच्या दर्शकावर नऊशे यार्डांपर्यंतची मापं होती. १८५८ मध्ये हिंदी पलटणींसाठी नवा नमुना निघाला. दिसायला हुबेहूब एन्फिल्ड. तोच दस्ता, तोच घोडा. पण नळी आतून रुंद आणि गुळगुळीत केलेली. पीळ नाही. मागचा दर्शकही साधा. अशा बंदुकीचा नेम शंभर यार्डांपलीकडे भरवशाचा नसतो. शेजारी गोरी पलटण उभी, तिच्या हातात पीळदार नळी. लांबून दोन्ही बंदुका सारख्या.

हे कमी ताकदीच्या शस्त्राचं राजकारण. इथं माप कमी केलं ते शिपायाच्या खांद्याला धक्का कमी बसावा म्हणून नव्हे. तो उलटला तर आपल्याला कमी लागावं म्हणून. तोफखानाही बहुतेक गोऱ्यांच्याच हाती ठेवला, आणि पुढं कित्येक वर्षं हिंदी पलटणींच्या हातातली रायफल गोऱ्या पलटणींपेक्षा एक पिढी मागची असायची. १८७८ मध्ये लिटननं शस्त्रांचा कायदा आणला, त्याच वर्षी देशी वर्तमानपत्रांचाही. एकानं हात बांधले, दुसऱ्यानं तोंड. युरोपियनांना त्या शस्त्रकायद्यातून सूट होती. काँग्रेसनं सुरुवातीच्या अधिवेशनांतच या कायद्याविरुद्ध ठराव केले, ते उगीच नव्हे.

धूर गेला, हिशेब बदलला

आता थोडं शास्त्र, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. घाबरू नका, सोनाराच्या तराजूइतकंच सोपं आहे.

१८८४ मध्ये फ्रान्समध्ये पॉल व्हिएय यांनी बिनधुराची दारू तयार केली. काही वर्षांत इंग्लंडमध्ये ॲबेल आणि ड्यूअर यांनी कॉर्डाइट काढलं, दोरीसारखं. आपल्याकडे नीलगिरीत अरुवनकाडूला १९०४ च्या सुमारास कॉर्डाइटचा कारखाना उभा राहिला. पुण्याजवळ खडकीचा दारूगोळा कारखाना तर १८६९ पासूनचा.

फरक किती मोठा, ते एका उदाहरणात बघा. आपल्या पोलिसांच्या हातात अनेक वर्षं दिसलेली थ्री-नॉट-थ्री, तिचं काडतूस १८८८ मध्ये आलं तेव्हा त्यात काळी दारू होती, सुमारे ७१ ग्रेन, दाबून भरलेली. ग्रेन हे वजन आपल्याला परकं नाही. एका तोळ्याचे १८० ग्रेन, म्हणजे एक ग्रेन साधारण अर्धी गुंज. तीन-चार वर्षांत त्याच आकाराच्या पितळी केसमध्ये कॉर्डाइट आलं, ते अवघं ३० ग्रेनच्या आसपास. निम्म्याहून कमी दारू, आणि गोळीचा वेग उलट वाढला.

याचा अर्थ लक्षात घ्या. काळी दारू केस भरून टाकायची, त्यामुळे चुकून दुप्पट भरायची सोयच नव्हती. बाहेर सांडली असती. बिनधुराच्या दारूत ती नैसर्गिक राखण गेली. केसमध्ये रिकामी जागा आली.

शिवाय ही दारू जळण्याची रीत वेगळी. काळी दारू कमी-जास्त दाबात साधारण एकाच चालीनं जळते. बिनधुराची दारू दाब वाढला की आणखी जोरात जळते, त्यानं दाब आणखी वाढतो. चुलीतल्या जाळाला फुंकणी मिळावी तसं. उलट दाब कमी पडला, तर ती नीट जळतच नाही, अर्धवट दाणे तसेच राहतात. म्हणून इथं ‘अर्धी दारू, अर्धा जोर’ हा हिशेब चालत नाही.

मग कमी ताकदीचं काडतूस हवं कुणाला?

प्रश्न रास्त आहे. पूर्ण ताकदीची रायफल फार लांबवर गोळी फेकते. सरावाला एवढं मैदान प्रत्येक छावणीत कुठून आणणार? गोळी महाग. नवशिक्या रंगरुटाला धक्क्याची आणि आवाजाची भीती बसली, की तो डोळे मिटून चाप ओढतो. म्हणून बंदिस्त जागेत, थोड्या अंतरावर, कमी जोराच्या गोळीनं सराव द्यावा ही कल्पना निघाली. थ्री-नॉट-थ्रीचंही असं सरावाचं हलकं काडतूस होतं.

अमेरिकेत हे काम लोक घरी करू लागले. १८८४ मध्ये जॉन बार्लो यांनी ‘आयडियल’ नावाची कंपनी काढली. तिची चिमट्यासारखी हत्यारं घेऊन माणूस वापरलेल्या पितळी केसमध्ये नवी टोपी बसवायचा, दारू भरायचा, स्वतः ओतलेली शिशाची गोळी दाबायचा. लांब माळरानावर राहणाऱ्याला दुकान शंभर मैलांवर, त्याची ही गरज होती. तिथूनच हलक्या भरणाची आवड वाढली. छोट्या शिकारीला, मुलांना शिकवायला, म्हाताऱ्या खांद्यांना सोसावं म्हणून.

आणि तिथूनच अपघातांचा अनुभवही जमा झाला. तो चार गोष्टींत सांगता येईल.

पहिली गोष्ट, अडकलेली गोळी. दारू फारच कमी पडली तर गोळी नळीच्या मधेच थांबते. तांब्याचं आवरण असलेली गोळी जास्त लवकर अडकते, मऊ शिशाची त्या मानानं सरकते. माणसाला वाटतं, फुसका बार निघाला, चला दुसरा घेऊ. दुसरी गोळी पहिलीवर जाऊन आदळते आणि नळी फुगते किंवा फुटते. मी सुरुवातीला जो बारीक आवाज म्हणालो, तो हा.

दुसरी, दुहेरी भरण. हलका भरणा केसच्या तळाशी पडून असतो. त्यात चुकून दुसरं माप पडलं तरी वरून जागा उरतेच, सांडत काही नाही. फोन वाजला, कुणी हाक मारली, हात थांबला, आणि पुन्हा सुरुवात करताना हे केस भरलं होतं की नाही ते आठवलं नाही. म्हणून जिथं हे काम कायदेशीर आहे, तिथं नियम असा की सगळी केसं एका फळीवर उभी करायची आणि गोळी बसवण्याआधी उजेडात प्रत्येकाच्या आत दारूची पातळी बघायची. एक जरी उंच दिसली तरी तपासायची. आपल्या गजावरच्या दोन खुणांचीच ही पुढची आवृत्ती.

तिसरी, दारू कुठं पडली आहे. मोठ्या केसमध्ये थोडी दारू. बंदूक खाली धरून वर आणली तर दारू गोळीजवळ, वर धरून खाली आणली तर टोपीजवळ. त्यानं पेट घेण्यात फरक पडतो, दाबात फरक पडतो, नेमात तर पडतोच. काळ्या दारूचे नेमबाज उरलेली जागा भरायला चक्क रवा वापरतात, ते तिथं चालतं. बिनधुराच्या दारूवर असं काही भरणं म्हणजे दाब कुठं जाईल याचा भरवसा सोडणं.

चौथी सगळ्यांत चमत्कारिक. मोठ्या केससाठी बनवलेली, सावकाश जळणारी दारू जर ठरलेल्या किमान मापापेक्षा बरीच कमी टाकली, तर कधी कधी दाब घटण्याऐवजी एकदम प्रचंड वाढतो आणि रायफल फुटते. कुणी म्हणतं, गोळी पिळात शिरून क्षणभर थांबते आणि मागं दारू उशिरा भडकते. कुणी म्हणतं, आडव्या पसरलेल्या दारूवरून टोपीची ज्योत एका झटक्यात धावते. तज्ज्ञांत यावर एकमत नाही, आणि प्रयोगशाळेत हे मागणीनुसार घडवूनही दाखवता येत नाही. म्हणूनच दारू बनवणाऱ्यांच्या पुस्तकात कमाल मापाइतकंच किमान मापही छापलेलं असतं. त्याखाली उतरायचं नाही. हलक्या भरणासाठी म्हणून जी दारू त्यांनी स्वतः तपासून सांगितली आहे, तीच आणि सांगितलेल्या मर्यादेतच. अंदाज नाही, ‘जरा कमी टाकू’ नाही.

याला जोडून एक साधी गोष्ट. चाप ओढला आणि काहीच झालं नाही, तर बंदूक लगेच उघडायची नाही. नळीचं तोंड मोकळ्या दिशेला ठेवून निदान अर्धा मिनिट थांबायचं. टोपी उशिरा पेट घेऊ शकते. शेतराखणीची बंदूक असो नाहीतर काडतुसाची, हा नियम दोघींना लागू.

भांडंच लहान करा

या सगळ्यावर एक सरळ उपाय निघाला. इंग्लंडमध्ये रिचर्ड मॉरिस यांनी मार्टिनी-हेन्री रायफलीच्या नळीत बसणारी एक बारीक नळी काढली. तिच्यासाठी काडतूसही बारीक. रायफल हातात तीच, वजन तेच, चाप तोच, पण आतलं भांडं लहान आणि पूर्ण भरलेलं. मोठ्या हंड्यात मूठभर तांदूळ शिजवत बसण्याऐवजी लहान पातेलं घ्या, इतकं साधं. पोकळी नाही, दुहेरी भरायला जागा नाही. पुढं सैन्यांनी सरावासाठी पॉइंट टू-टू बोअरच्या रायफली घेतल्या, त्या याच विचारानं.

आज एनसीसीत पहिल्यांदा रायफल हातात घेणारा मुलगा बहुधा हीच लहान काडतुसं झाडतो. आपल्या शेजारच्या कोल्हापूर जिल्ह्यातल्या तेजस्विनी सावंत २०१० मध्ये पन्नास मीटर रायफलीत जगज्जेत्या झाल्या, आणि राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळे यांनी २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये पन्नास मीटर थ्री-पोझिशनमध्ये कांस्यपदक आणलं, तेही याच टू-टूच्या काडतुसावर. हे काडतूस कारखान्यातच भरतात. नेमबाज काय करतो, तर वेगवेगळ्या खेपांची काडतुसं आपल्या नळीतून झाडून बघतो आणि जी खेप जमते ती निवडतो. मापात हात घालत नाही. कमी ताकदीचं सुरक्षित काडतूस म्हणजे काय, याचं यापेक्षा चांगलं उदाहरण मला दिसत नाही.

बेचाळीसचा सातारा

आता पुन्हा दुसऱ्या प्रश्नाकडे. कुणाच्या सुरक्षिततेसाठी?

विसाव्या शतकात इशापूरच्या कारखान्यात थ्री-नॉट-थ्री रायफलींचं एक वेगळं रूप तयार झालं, फोर-टेन मस्केट. पुन्हा तीच युक्ती. बाहेरून रायफल, पण नळी गुळगुळीत. खालचं मॅगझिन लाकडी ठोकळ्यानं बंद, म्हणजे एका वेळी एकच गोळी. काडतूस थ्री-नॉट-थ्रीच्याच केसचं, पण मान न आवळलेलं, सरळ. पोलीस आणि पहारेकरी यांच्यासाठी ही बंदूक. पल्ला कमी, बार सावकाश. आणि मुख्य म्हणजे, कुणी पळवली तर नेहमीच्या लष्करी काडतुसांनी ती चालवता येऊ नये. काडतूस ज्याच्या हाती, बंदूक त्याच्या हाती, हे तत्त्व यात पक्कं बसवलेलं होतं. शिकारीच्या रायफलींचंही तेच. मार्टिनी-हेन्रीच्या जवळचा साडेचारशे बोअर हिंदुस्थानात बंद केला, तेव्हा लंडनच्या कारागिरांना केवळ आपल्यासाठी नवे बोअर काढावे लागले.

या पार्श्वभूमीवर १९४२ चा सातारा जिल्हा आठवा. तेव्हा आजची सांगलीही त्यातच. २४ ऑगस्टला इथं कराडच्या कचेरीवर बाळकृष्ण पाटील उंडाळकरांच्या नेतृत्वाखाली मोर्चा निघाला. ३ सप्टेंबरला तासगाव. ९ सप्टेंबरला वडूजला गोळीबार झाला, त्यात परशुराम घार्गे आणि त्यांच्याबरोबरचे लोक हुतात्मा झाले. दुसऱ्या दिवशी इस्लामपूरला. मोर्चेकऱ्यांच्या हातात झेंडे होते. कित्येक वर्षं कायद्यानं रिकामे केलेले हात होते ते. आणि समोरची बंदूक पूर्ण ताकदीची असो की कमी केलेली, जवळून छातीवर आलेली गोळी जीव घेतेच. ‘कमी ताकदीचं’ हा शब्द गोळी झाडणाऱ्याच्या वहीतला आहे. गोळी खाणाऱ्याच्या लेखी तो नसतो.

पुढं क्रांतिसिंह नाना पाटलांचं प्रतिसरकार उभं राहिलं. कुंडलला तुफान सेना तयार झाली. जी. डी. बापू लाड, नागनाथअण्णा नायकवडी, किसन वीर ही नावं तुम्हाला नवी नाहीत. ७ जून १९४३ रोजी आपल्या शेणोलीजवळ पगाराची रोकड नेणारी रेल्वे अडवली गेली. या लढ्याची खरी ताकद गावोगावच्या लोकांच्या पाठिंब्यात होती, बंदुकांत नव्हती. बंदूक एक वेळ मिळेल, पण तिचं काडतूस रोज कुठून आणणार? ती नाडी १८५८ पासून सरकारनं आपल्या मुठीत ठेवलेली होती.

कराडचा माणूस, देशाचा दारूगोळा

त्या बेचाळीसच्या भूमिगतांत एक तरुण होता, देवराष्ट्र्यात जन्मलेला, कराडच्या टिळक हायस्कूलमध्ये शिकलेला. यशवंतराव चव्हाण. वीस वर्षांनी, नोव्हेंबर १९६२ मध्ये, चीनच्या युद्धानंतर तेच देशाचे संरक्षणमंत्री झाले. ज्यांच्या भागातल्या लोकांना कायद्यानं काडतूस दिसू दिलं नव्हतं, त्यांच्यातल्याच एकाकडे देशाच्या काडतुसांचा हिशेब आला. योगायोग म्हणा, पण मला तो फार बोलका वाटतो.

जवानांच्या हातात तेव्हाही प्रामुख्यानं थ्री-नॉट-थ्री होती. ७.६२ मिलिमीटरची स्वयंभरणी रायफल येऊ लागली. १९६४ मध्ये जळगाव जिल्ह्यात वरणगावला काडतुसांचा कारखाना सुरू झाला. त्याच सुमारास इशापूरनं जुन्या बांधणीची रायफल ७.६२ साठी बनवली, तिला ‘टू-ए’ म्हणतात. पण नव्या काडतुसाचा दाब जुन्यापेक्षा जास्त, म्हणून तिचं पोलाद बदलून अधिक चिवट घेतलं. ताकद वाढवायची तर आधी पोलाद बदला, आणि कमी करायची तर आधी भांडं बदला. नुसती दारू मागंपुढं करून दोन्ही होत नाही.

आज आपल्यापुरतं

१९५९ चा शस्त्र कायदा आजही दोन प्रकार वेगळे धरतो. संरक्षणासाठी वा खेळासाठी गुळगुळीत नळीची बंदूक आणि खऱ्याखुऱ्या पीकसंरक्षणासाठी ठासणीची बंदूक एका बाजूला, रायफल दुसऱ्या बाजूला. दारूगोळा तयार करायलाही त्या कायद्यान्वये परवाना लागतो. अमेरिकेतली चित्रफीत बघून घरी काडतूस भरायला बसणं हा इथं गुन्हा आहे, आणि आपण आत्ता जे चार धोके पाहिले त्यांना घरात आणणंही आहे. वन्यजीव कायदा १९७२ पासून आहे, तेव्हा शिकारीची हौस हा विषय संपलेला आहे.

पण परवान्याची ठासणीची बंदूक डोंगरभागात अजून आहे. रानडुकरांचा त्रासही आहे. त्या घरातल्या पोरांना तीन गोष्टी जरूर सांगा. गजावर दोन खुणा असू द्या. ‘आज जरा जास्त’ किंवा ‘आज जरा कमी’ असं दारूच्या बाबतीत करू नका, आणि काळ्या दारूच्या बंदुकीत बिनधुराची दारू कधीही, चिमूटभरसुद्धा, घालू नका. दारू घरात चुलीपासून लांब, कुलपात, एका जबाबदार माणसाच्या हाती ठेवा. अमात्यांनी हवालदाराला सांगितलं होतं तेच, तीनशे वर्षांनी.

आणि इतिहासाच्या विद्यार्थ्यांना एक सांगतो. संग्रहालयात जुनी बंदूक दिसली, तर दस्त्यावरची नक्षी बघून पुढं जाऊ नका. पहारेकऱ्याची परवानगी काढून नळीच्या तोंडाशी वाका. आत पीळ आहे की गुळगुळीत, एवढं बघा. ती बंदूक देणाऱ्याचा ती घेणाऱ्यावर किती विश्वास होता, ते तिथं कोरलेलं असतं.